दोन भाषांतला राजीनामा

सर,

आपल्या शाळेत आठवी ‘ब’च्या खिडकीबाहेर बास्केटबॉलचं मैदान होतं, आणि तुम्ही कविता शिकवायला उभे राहिलात की नेमका तिकडे कुठल्यातरी वर्गाचा पी.टी.चा तास असायचा. दोनदा तुम्ही सहन करायचात. तिसऱ्यांदा खडू टेबलावर ठेवून खिडकी लावून घ्यायचात. “हा चेंडू वृत्तात पडत नाही रे,” म्हणायचात. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. मी आता चौऱ्याहत्तरचा आहे, कऱ्हाड सोडून लखनऊत येऊन चाळीस वर्षं उलटली, आणि गेल्या आठवड्यात ज्याचा चेंडू वृत्तात पडतो असा एक मुलगा पाहिला. तेवढंच कळवावं म्हणून लिहायला बसलो होतो. पण मला त्या मुलाचा संशय येतो, आणि संशयाच्या बाबतीत तुमच्याइतका जाणकार दुसरा कोण आठवणार?

आमचा एक लहानसा क्लब आहे, छावणीच्या कडेला. सिमेंटचं मैदान, दोन रिंगा, त्यातली एक किंचित पुढे झुकलेली. डिसेंबरात धुक्यानं मैदान ओलं होतं, मग पोरं आधी पोत्यानं ते पुसतात आणि दहाच्या उन्हात खेळ सुरू होतो. मी तिथला सेक्रेटरी. तरुणपणी, ज्या संशोधन संस्थेत नोकरी केली तिच्या टीमकडून खेळलो होतो एवढंच भांडवल, आणि अक्षर बरं आहे. ते तुमचंच. कोच आहेत एक निवृत्त सुभेदार, साताऱ्याकडचे, त्यामुळे आठवड्यातून चार दिवस मराठी बोलायला मिळतं. तिसरे कमिटीत निशातगंजचे एक दुकानदार, खेळाचं सामान विकणारे. नवा खेळाडू घ्यायचा तर तिघांचा विचार लागतो आणि फॉर्मवर सही माझी.

हा मुलगा वीस वर्षांचा. दुसऱ्या शहरातल्या एका क्रीडा वसतिगृहाच्या टीममध्ये होता, तिथून त्याला सोडला. कागदावर एकच ओळ, ‘टीम से मुक्त किया जाता है’. कारण नाही. यंदा शनिवारपर्यंत कुठल्यातरी क्लबात नाव लागलं नाही, तर त्याला राज्याच्या निवड चाचणीला उभं करणार नाहीत, आणि पुढच्या वर्षी तो वयात बसत नाही. म्हणजे आमचा फॉर्म हीच त्याची शेवटची संधी. सुभेदार पहिल्याच दिवशी पाघळले. “डॉक्टरसाहेब, असं पोरगं धा वर्षांत आलं न्हाई आपल्याकडं.” दुकानदार म्हणाले, “भाईसाहब, अच्छा माल कोई वापस नहीं करता.” दोघांचंही मला पटलं, म्हणून मी बेंचवर बसून नुसता बघत राहिलो.

त्याचा चेंडू ऐकायला हवा होतात तुम्ही. एक हलका टप्पा, मग दोन जड. लगागा लगागा लगागा लगागा, आणि चौथ्याला चेंडू हातात घेऊन तो रिंगखाली. भुजंगप्रयात, सर! तुम्ही बाकावर बोटं आपटून शिकवलात तसाच, एकही मात्रा न सांडता. क्षणभर मला खडूचा वास आला. आणि लगेच मनात आलं, ह्या वृत्ताचं नावच सापाच्या चालीवरून ठेवलेलं. पुढे एकदा चेंडू रेषेबाहेर गेला, कुणाचा हात लागला ते कुणालाच दिसलं नव्हतं, तर हा स्वतःच हात वर करून म्हणतो, “मेरा लगा, सर.” सुभेदारांनी माझ्याकडे अशा तोऱ्यात पाहिलं, जणू ते त्यांनीच शिकवलंय. मी म्हटलं, “चाचणीच्या दिवशी सगळेच हरिश्चंद्र असतात.”

मी त्याला बाजूला बोलावलं. तिथून का निघालास? त्यानं बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. म्हणाला, “वहाँ राजीनामा हो गया था, सर.” मी कागद काढला. “इसमें तो लिखा है कि उन्होंने छोड़ा. राजीनामा तुमने दिया था?” तो गोंधळला. “दिया नहीं सर. हुआ. दोनों तरफ़ से साइन हुए.” आता बघा. राजीनामा आपोआप कसा होतो? आणि दोन्हीकडून सह्या? पोरगं सरळ डोळ्यांत बघून थाप मारतंय, आणि वर तपशील जोडतंय. मी सुभेदारांना म्हटलं, “ह्याचं आणि कागदाचं जुळत नाही. एक तरी खोटं आहे.” ते चिडले. “तुमी खेळ बघा की हो! वकिली कशाला?” मी संध्याकाळी त्या वसतिगृहाच्या कोचना फोनही केला. ते म्हणाले, “हाथ का बहुत अच्छा है. बाक़ी आप देख लीजिए.” ह्या ‘बाक़ी’त काय काय मावतं, ते मी रात्रीच्या जेवणापर्यंत मोजत बसलो.

आणि मग तुमचं स्वयंपाकघर आठवलं. रविवार आहे. तुम्ही एकटेच राहता, स्टोव्हवर पोहे परतताय, मी पाटावर बसलोय, मांडीवर शाळेच्या हस्तलिखिताचे कागद. माझी कविता तुम्ही वरच ठेवलीय. चार कडवी. शेवटच्या कडव्याच्या समासात तुमची लाल शाई: ‘मात्रा बरोबर. आवाज तुझा नाही.’ झारा हातात तसाच धरून तुम्ही विचारता, “हे कडवं तुझंच का रे?” मी म्हणतो, “हो, सर.” तुम्ही पुन्हा विचारत नाही. पोह्यांवर कोथिंबीर घालता, बशी माझ्यापुढे सरकवता आणि म्हणता, “मग शनिवारी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच.” मी वाचली. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर तुम्ही तीच लावलीत. ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. आमच्या सरांनी माझ्यावर संशय घेतला होता, तेराव्या वर्षी, पोरक्या पोरावर! बायकोला सांगितली, संस्थेत सांगितली, सुभेदारांना तर दोनदा. ऐकणारा हळहळतो आणि मला ते बरं वाटतं.

गुरुवारी नात घरी आली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मी तिला त्या मुलाच्या थापेबद्दल सांगत होतो, तर ती चहा सांडेपर्यंत हसली. “आजोबा! राजीनामा मतलब समझौता! झगड़े के बाद थाने में होता है ना, दोनों पार्टी साइन करती हैं. आप इस्तीफ़ा समझ रहे थे?” चाळीस वर्षं, सर. ‘शिक्षा’ ऐकलं की अजून मला आधी छडी दिसते. मी संशोधन करतो म्हणून सांगितलं, तर इथल्या दूधवाल्याला कित्येक वर्षं वाटत होतं की मी कसल्यातरी दुरुस्त्या करतो. एवढे शब्द ठेच लागून शिकलो, पण ठाण्याची पायरी कधी चढलो नाही, म्हणून हा एक राहून गेला. पोरगं खरं बोलत होतं. मी त्याला माझ्या भाषेत खोटं पाडलं होतं.

तुम्हाला वाटेल, इथं संशय मिटला. छे! आता तर त्याला ठाणं मिळालं. काल सकाळी तो पार शहराच्या कडेच्या सरोजिनी नगरहून सगळ्यांच्या आधी येऊन मैदान पुसत होता. मी विचारलं, “झगड़ा हुआ था?” पोतं पिळता पिळता तो म्हणाला, “जी.” “किसने शुरू किया?” “धक्का मैंने ही दिया था, सर. सीनियर का दाँत टूट गया.” “क्यों दिया?” तो पोतं झटकू लागला. मी पुन्हा विचारलं, जरा दरडावूनच. तो म्हणाला, “राजीनामे में लिखा है सर, दोनों में से कोई आगे इसकी बात नहीं करेगा.” “यहाँ कौन सुन रहा है?” तर म्हणतो, “आप सुन रहे हैं.”

बाकीचे दोघं आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. सुभेदार म्हणाले, “बघा, शब्दाचा पक्का हाय.” दुकानदार म्हणाले, “बड़ा चालाक है, छुपा भी गया और शरीफ़ भी बन गया.” मला दोन्ही दिसत होतं, अजूनही दिसतं. त्या धक्क्यामागे एखादं लहान पोर वाचवलेलं असेल किंवा नुसता माज असेल, आणि ते मला कधीच कळणार नाही. तो रिंगकडे निघाला, एक हलका, दोन जड, आणि मी मात्र तुमच्या झाऱ्याकडे बघत होतो. तुम्ही दुसऱ्यांदा का विचारलं नाहीत?

आज शनिवार. फॉर्म मी सकाळी भरला. त्यात एक रकाना आहे, ‘पिछली टीम छोड़ने का कारण’. तिथं तुमच्या वळणाच्या अक्षरात एकच शब्द लिहिला, राजीनामा. वाचणाऱ्यानं आपापल्या भाषेत वाचावा. खाली सही केली. सुभेदारांना सांगून ठेवलंय, पहिले सहा महिने बाहेरगावच्या सामन्यांना त्याला सीनियर पोरांच्या खोलीत ठेवायचं नाही, आणि नजर ठेवायची. ते म्हणाले, “तुमचा संशय काय जात न्हाई, डॉक्टरसाहेब.” नाहीच जात. सही करूनही नाही गेला.

तुम्ही शिकवलेल्या वृत्तांची वही अजून जपलीय, हे पत्र तिच्यातच ठेवतोय. त्या मुलानं दुसऱ्या प्रश्नालाच सांगून टाकलं, धक्का मैंने ही दिया था. मला एकसष्ट वर्षं लागली. तेव्हा वहीला कव्हर घालायला घरात जुन्या मासिकाचं एक पान होतं, त्यावरून उतरवून घेतलं होतं. शेवटचं कडवं माझं नव्हतं, सर.

आधीची तीन मात्र माझीच होती.