अप्पांच्या मेलमधला व्हायरस

३ मे, रविवार, सकाळी ८
आजपासून घरचा कॉम्प्युटर शिस्तीत. अँटिव्हायरस घातला. बायकोच्या, म्हणजे सिद्धेश्वरीच्या, २००८ ते २०१२च्या मेल्स नव्या मशीनवर न्यायच्यात. तिचे वडील, अप्पा, अक्कलकोटहून तिला लिहायचे, ते सगळं त्यात आहे. गुरुवारी अप्पांची पुण्यतिथी. त्या मेल्स तिला पाहुण्यांना वाचून दाखवायच्यात. तिप्पण्णाला बोलवू का म्हणाली. तिप्पण्णा म्हणजे तिचा भाऊ, सात रस्ता चौकात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. म्हटलं, मी काय मेलोय का?

दुपारी १
व्हायरस सापडला! मेल्सच्या फाइलमध्येच दडून बसलेला. हे तिप्पण्णाचंच काम. कॉलेजात असताना वाट्टेल ते फॉरवर्ड करायचा. फोन करून झापला. हसला की! म्हणाला, दाजी, कशालाच हात लावू नका, मी येतो. निर्लज्ज.

१.२०
काढून टाकू का, असं मशीननं विचारलं. दयामाया नाही. 'होय' दाबलं.

१.२५
एवढ्या वर्षांच्या मेल्स मिळून एकच फाइल असते, हे आधी नको सांगायला? सगळ्याच गेल्या. सिद्धेश्वरीला सध्या सांगत नाही. शेंगाचटणी कुटतेय, हातात बत्ता आहे.

५ मे
झालं का, तिनं विचारलं. म्हटलं, डीप स्कॅन चालू आहे. गेलेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर उतरवलं, फुकट. आता स्क्रीनवर चिनी जाहिराती येतायत. म्हणजे काहीतरी हलतंय.

६ मे
सांगून टाकलं. सॉफ्टवेअरच भिकार निघालं म्हणालो. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. भाकरी थापता थापता डोळे पुसत होती. लई वाईट वाटलं. तिप्पण्णाला मीच फोन केला.

७ मे, गुरुवार
तिप्पण्णानं दहा मिनिटांत सगळ्या परत आणल्या. अँटिव्हायरस लगेच पुसत नाही, आधी कोंडून ठेवतो म्हणे. व्हायरस कुठल्या मेलमध्ये होता तेही त्यानं सगळ्यांसमोर काढलं. आमच्या ग्रामदैवताचा, सिद्धरामेश्वरांचा स्क्रीनसेवर, अकरा भक्तांना पाठवा, इच्छा पूर्ण होईल. पाठवणारा मी. अकरांत सिद्धेश्वरी, आणि अप्पासुद्धा.
मग तिनं अप्पांची मेल वाचायला घेतली. लिहिलं होतं: जावईबापूंनी देव पाठवला, तो उघडल्यापासून आमचा कॉम्प्युटर बंद आहे. हे नेटकॅफेतून लिहितोय. त्यांना सांगू नको गं, हौशी माणूस आहे, वाईट वाटेल.
इतकी वर्षं तिनं खरंच सांगितलं नव्हतं. आज हसत-रडत तेवढी ओळ पाहुण्यांना दोनदा वाचून दाखवली.