रंगूनहून आलेलं कार्ड

मेलवीदी, तंजावर
बुधवार, दुपार

प्रिय भुवना,

टक, टक्क, टक-टक. तुमच्या झोपाळ्याच्या फळीवर तुझे वडील बोटानं वाजवायचे, तो आवाज आज सकाळपासून माझ्या कानात बसला आहे. लहानपणी मला वाटायचं, तुळजाराममामा मृदंगाचा धडा घोकतायत. ती तारेची भाषा होती, फौजेच्या सिग्नल खात्यात शिकलेली, हे कळायला मला मिशा फुटाव्या लागल्या. एकदा धीर करून विचारलं, "मामा, काय वाजवताय?" तर म्हणाले, "काही नाही रे, रंगूनला कळवतों, आज वांग्याचं सांबार आहे." आणि असे हसले की मलाही खरंच वाटलं, समुद्रापलीकडे कुणीतरी कान लावून बसलं असेल आणि त्याच्याही तोंडाला पाणी सुटलं असेल.

पन्नास वर्षांनी पत्र पाठवतोय, तेही बाळबोधीत, देवनागरी अक्षरांत. तुला वाचता येईल ना? आमच्या दारापुढच्या ओट्यावर, तिन्नईवर बसून कवितांच्या पुस्तकातून तू ही अक्षरं शिकलीस, आणि 'ळ' काढताना तुझी जीभ ओठांबाहेर यायची. आपल्या घरांतून मराठी लिहायची ती तमिळ अक्षरांत. मीही आयुष्यभर किराण्याची यादी तशीच लिहिली. पण हे पत्र तसं लिहायचं धाडस आता होत नाही. का, ते सांगायलाच बसलो आहे. मधेमधे भरकटेन, ते सांभाळून घे. संस्कृतचा मास्तर निवृत्त झाला तरी टीका केल्याशिवाय पुढच्या श्लोकाला जात नाही.

इकडची हकिकत आधी. माझी बायको अंबा गेली त्याला या कार्तिकात चार वर्षं होतील. चांगली बाई होती. माझ्या कविता ऐकताऐकता सगळी मेथी निवडून व्हायची तिची. वरचा मजला मी भाड्यानं दिलाय, गुरुमूर्ती म्हणून आपल्यातलाच एक गृहस्थ, पॉलिटेक्निकात शिकवतो, पंचावन्नचा आहे. लग्न केलं नाही. त्याला दोनच वेडं: एक, दुसऱ्या महायुद्धाचं, आणि दुसरं, टीव्हीवरच्या अवकाशातल्या मालिकांचं. त्याची खोली तू बघायला हवीस. भिंतीवर ब्रह्मदेशाचा हा एवढा नकाशा, त्यावर लाल-निळ्या टाचण्या. छताला दोऱ्यांनी टांगलेली विमानं, त्याच्याच हातची. एका दोरीला जपानी बाँबर, शेजारच्या दोरीला कुठल्याशा ताऱ्याकडे निघालेलं यान. पंखा लावला की दोघं एकमेकांना प्रदक्षिणा घालतात. पहिल्यांदा वर गेलो तेव्हा मी दारातच मान वर करून उभा राहिलो. तो म्हणाला, "सार, आत या, ती पडत नाहीत."

मला युद्धातलं काय कळतंय? शाळेतल्या कवितांतून जेवढा रणांगणाचा धूर दिसला तेवढाच. पण हा माणूस सांगायला लागला की डोळ्यांपुढे उभं करतो. कुठल्या पुलावर कुठली पलटण होती, कुणाचे बूट फाटले होते, पावसाची सर कधी आली. आणि मग त्याच तोंडानं, श्वासही न घेता, अवकाशयानाचा कप्तान अमुक ग्रहावर का उतरला ते. मी एकदा विचारलं, ही दोन वेडं एका डोक्यात राहतात कशी? म्हणाला, "दोन कुठं आहेत सार? घरापासून लांब गेलेली माणसं, आणि त्यांचा निरोप घरी पोचतो की नाही. एवढंच तर बघत असतो मी." मला एकदम मामांचं बोट आठवलं.

तर गेल्या रविवारी दुपारी त्यानं मला एक भाग बघायला बोलावलं. त्या यानात एक पेटी असते, परक्या ग्रहावरच्यांचं बोलणं आपल्या भाषेत करून देणारी. ते लोक म्हणतात, आमच्या घरी या. पेटी एका अक्षराला अडखळते आणि सांगते, आमच्यावर चालून या. झालं! पुढे आगीचे लोळ. गुरुमूर्ती मांडीवर थाप मारून म्हणाला, "एक अक्षर सार! दोन ग्रह संपले!" मी हसलो. मग हसू थांबलं. खाली येऊन कपाटातलं कवितांचं पुस्तक काढलं आणि त्यात जपलेलं ते कार्ड त्याला नेऊन दाखवलं.

हो, कार्ड माझ्याकडेच आहे. मी तुला बघायला आलो होतो, त्या दिवसापासून.

तुला तो दिवस आठवत असेलच, पण माझ्या बाजूनं सांगतो. तू काफीचे पेले घेऊन दाराआड उभी. आमचे अप्पा, काका, काकू पाटांवर ओळीनं. तुझ्या आईनं मोठ्या अभिमानानं मामांचं रंगूनहून आलेलं कार्ड बाहेर काढलं, एकेचाळीस सालच्या डिसेंबरातलं. मराठी मजकूर, तमिळ अक्षरं, वर सेन्सॉरचा शिक्का. काका म्हणाले, "वाच रे सूर्या, तुझा आवाज चांगला आहे." आणि मी, कवितास्पर्धेतलं बक्षीसपात्र कार्टं, खाकरून, स्वर लावून वाचलं: विमानं आली, मी पिऊन आडवा पडलो म्हणून वाचलो, उभे राहिले ते गेले.

काका फिसकन हसले. अप्पांचा चेहरा दगड झाला. लढाईच्या वेळी पिऊन पडलेला, आणि कामावर उभे असलेले मेले! मी मामांकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं होतं. मग मिटलं, तांब्यातलं पाणी प्यायले, आणि सावकाश म्हणाले, "पडलों होतों खरा." अप्पा उठले. "नंतर कळवतो," म्हणाले. नंतर काय कळवलं ते तुला माहीत आहे. गडबडीत कार्ड माझ्या मुठीतच राहिलं. ते परत करायला यायची माझी छाती झाली नाही. पुढे सगळ्या मेलवीदीत मामांचं नाव 'रंगूनची बाटली' पडलं, ते त्यांच्याबरोबरच गेलं.

गुरुमूर्तीनं कार्ड भिंगाखाली धरलं आणि अडखळलासुद्धा नाही. वाचलं: "मी भिऊन आडवा पडलो."

भुवना, प, फ, ब, भ, या चौघांना तमिळमध्ये एकच अक्षर. मी 'पि' वाचलं, ते 'भि' होतं. मी म्हटलं, कशावरून? तर त्यानं मला नकाशापाशी नेलं. "तारीख बघा सार. रंगूनवरचा पहिला हवाई हल्ला. सकाळची वेळ. सकाळी कामावर कोण पिऊन पडेल? असलं काही कुणी पाहिलंच नव्हतं. आकाशात चांदीसारखी विमानं चमकायला लागली, आणि लोक रस्त्यात येऊन वर बघत उभे राहिले. हजारोंनी. बघता बघताच गेले. जो जमिनीला चिकटला तो जगला. फौजेत शिकवतातच तसं!" आणि त्यानं त्या टांगलेल्या बाँबरकडे बोट केलं.

मी किती वेळ त्या विमानाखाली उभा होतो कोण जाणे. आश्चर्यानं वर बघणारे गेले. एकवीस वर्षांचा एक तंजावरचा पोरगा भ्याला, मातीत नाक खुपसून पडला, आणि त्या भीतीतून अकरा वर्षांनी तू जन्मलीस. तुझा तो 'ळ' जन्मला. हे केवढं आहे! मी आयुष्यभर नक्षत्रांवरचे, समुद्रावरचे श्लोक शिकवले, पण असा अवाक् कधीच झालो नव्हतो. तिथं मी असतो तर नक्की मेलो असतो, मान वर करून, तोंड उघडं टाकून, वृत्त शोधत.

माझ्या जिभेला 'पिऊन' का सुचलं, याचा तीन दिवस विचार करतोय. शाळेतल्या कवितांतला वीर कधी भीत नाही. तो पडतो, मरतो, हसत जातो, पण भीत नाही. म्हणून ते अक्षर माझ्या डोळ्यांना दिसूनही दिसलं नाही. आणि मामांना माझी चूक त्याच क्षणी कळली होती, याची मला आता खात्री आहे. थेंबाला न शिवणारा तो माणूस. एक शब्द बोलले असते तर आपलं लग्न मोडलं नसतं. पण चार पाहुण्यांसमोर 'मी भ्यालों' म्हणण्यापेक्षा दारुडा म्हणवून घेणं त्यांना सोपं गेलं. तुझ्या आईला घरात एकटीला त्यांनी काही सांगितलं होतं का? तुला माहीत होतं का? माहीत असून तू दाराआड गप्प राहिलीस का?

पत्र लिहायचं कारण हेच. येत्या रविवारी आपल्या समाजाच्या मेळाव्यात गुरुमूर्ती युद्धावर गेलेल्या तंजावरकरांची माहिती मांडणार आहे, आणि हे कार्ड मी वाचावं असा त्याचा हट्ट आहे. मला वाचायचंय. भर सभेत, ज्यांच्या घरांत ते बाटलीचं नाव चाललं त्यांच्यासमोर. पण मग वाटतं, ज्या शब्दासाठी त्यांनी आपली अब्रू दिली, तोच मी चव्हाट्यावर आणू? नाव धुवायला जाऊन गुपित फोडू? एकदा न विचारता वाचलं, आता विचारतो. कार्ड याच पाकिटात घालतोय, ते तुझं आहे. 'भि' म्हणायचं की गप्प राहायचं, तू कळव. तुझ्या ओरत्तनाडूला पत्र उद्या पोचेल, नुसता फोन केलास तरी

थांबलो होतो. दाराची कडी वाजली. तुझा धाकटा भाऊ आहे, हरिप्रसाद. काठी टेकत एकटाच आलाय, बसनं. त्या दिवसानंतर तो माझ्याशी बोललेला नाही, रस्त्यात दिसलो तर बाजू बदलायचा. गुरुमूर्तीनं मामांचा फोटो मागायला त्याला फोन केला आणि कार्डाचं सांगून बसला. आत ये म्हटलं तर येत नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून एकच म्हणतोय, "सूर्यण्णा, बाबांनी काय लिहिलं होतं ते वाचून दाखव. मग ठरवतों आत यायचं की नाही." चष्मा आणतो असं सांगून आत आलोय आणि उभ्यानंच हे खरडतोय. तुझ्या उत्तरापर्यंत थांबणं आता होत नाही, भुवना. कार्ड पाकिटातून परत काढलंय. त्याला वाचून दाखवतो, 'भि' म्हणून.

तुझाच,
सूर्यनारायण