कंबर सेहेचाळीस

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज चारचौघांत माझी कंबर विचारली गेली. मीही सांगितली. सेहेचाळीस! एवढ्या जोरात की पलीकडचा ग्राइंडर थांबला.

मागच्या महिन्यात एकाच्या पँटवर ठिणगी पडली आणि कापड वितळून मांडीला चिकटलं. तेव्हापासून सेफ्टीवाले साहेब सगळ्यांचे पाय तपासत फिरतात. नवा नियम — दोन मार्चपासून वेल्डिंगला जाड सुती निळी जीन्सच. ताणणारी नको, भोकाची नको, ठिगळावर ठिगळाची तर नकोच. कंपनी देणार. नियमाला माझी ना नाही, जळायची हौस मला तरी कुठे आहे? पण खोक्यात मापं निघाली अठ्ठावीस ते अडतीस. खलास.

"सेहेचाळीस बनतच नाही हो," साहेब म्हणाले.

"मग मी कशी बनले?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. जीन्स नसेल तर दोन तारखेपासून स्टोअरला बसायचं, नटबोल्ट मोजायचे, म्हणाले. वर हळूच, "सत्तावीस दिवस आहेत. थोडं वजन कमी करून बघा."

अकरा वर्षं लोखंड जोडतेय मी. माझा एक जोड सुटलेला दाखवा. नटबोल्ट म्हणे!

४ फेब्रुवारी

काडीलाही जीन्स मिळाली नाही. काडी म्हणजे माझ्या शेजारच्या मशीनवरचा. कंबर सव्वीस, उंची विचारू नका. कंपनीची घातली तर कंबरेतून दोन मुठी आत जातात आणि खाली पोटऱ्या उघड्या. "आपल्या दोघांना वितळवून परत ओतलं तर दोन बरी माणसं होतील," तो म्हणाला.

मी म्हटलं, मला नाही वितळायचं. मी आहे ती बरी आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

चार दुकानं. पायांचे तुकडे पडले.

पहिल्यात पोरगी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आपल्याकडे नाही येणार." मी तोंड उघडलंही नव्हतं! दुसऱ्यात होती, पण रबरासारखी. मापाच्या खोलीत घातली, उकिडवी बसले आणि मागची शिवण टर्रकन गेली. बाहेर येऊन तशीच हातात दिली. "पाच मिनिटंही टिकत नाही, कशाला विकता?" तिसऱ्यात नुसतं "फ्री साइज". कोणासाठी फ्री?

चौथं पुरुषांचं. तिथे सेहेचाळीस होती, जाडही होती. जीव भांड्यात पडला — क्षणभर. लांबी माझ्यापेक्षा सात इंच जास्त. गुडघ्याचा फुगा पोटरीवर, आसन लोंबतंय, आणि मांडीत मात्र जात नाही. विकणारा म्हणाला, दुमडा की. दुमडीत ठिणगी जाऊन बसते, दादा, आणि बाहेर यायला कबूल नसते. त्याला काय कळणार.

८ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भात कमी कर."

घरात आम्ही दोघीच. आई चार वर्षं जिना उतरलेली नाही. विचारलं तर "गुडघे". याच गुडघ्यांनी ती स्टुलावर चढून पंखा पुसते. पण लग्नाकार्याला, दवाखान्याला, कुठेच नाही. कोणी आलं तर दार चार बोटं उघडून बोलते. तिच्या कपाटात हँगरवर तिच्या कॉलेजातली जीन्स आहे, जमिनीवर ठेवली तर उभी राहील इतकी जाड. "बारीक झाले की घालीन," हे मी लहानपणापासून ऐकतेय. तिच्याच तालमीत वाढले मी. फोटो काढायचा म्हटला की आधी तिचा हुकूम, "पोट आत!"

११ फेब्रुवारी

कोणी शिवून देत नाही. तीन शिंप्यांनी हात वर केले. एकाची मशीन जाड कापड घेत नाही, एकाला वेळ नाही. तिसऱ्यानं टेप गळ्यातच ठेवला आणि मला नजरेनं मोजलं. निघून आले. तुझ्या नजरेवर मी पैसे घालवीन होय?

१२ फेब्रुवारी

काडीनं पत्ता आणला! बाजारामागे दुसऱ्या मजल्यावर एक शिंपीणबाई आहेत, गाड्यांची सीट कव्हरं आणि बॅगा शिवतात. मशीन अशी दणदणते की जिन्यातच कळतं.

एकही आगाऊ प्रश्न नाही, कौतुक नाही, कीव नाही. "काम काय करतेस? बसून की उभ्यानं?" — पहिल्यांदा कोणीतरी कामाचं विचारलं. कापडही त्यांच्याकडेच होतं, घट्ट, सुती, इकडेतिकडे न ताणणारं. ताग्यात शेवटचंच उरलेलं, एका जीन्सपुरतं.

मापं घेतली. कंबर चव्वेचाळीस! दोन इंच कमी झाले की काय! घरी येईपर्यंत मनात शीळ वाजत होती. मग स्वतःचाच राग आला. दोन इंचांनी एवढं काय हुरळायचं?

१९ फेब्रुवारी

शिवून होतेय. उद्या घालून बघायची.

साहेबांनी आज स्टोअरची खुर्ची दाखवली. चाकं आहेत म्हणे, फिरते. म्हटलं, तुम्हीच फिरा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बटण लागत नाही. दोन बोटांचं अंतर. उकिडवं बसणं तर सोडाच.

शिंपीणबाईंनी स्वतःची वही पाहिली, टेप पाहिला, मला पाहिलं. पुन्हा माप घेतलं. चव्वेचाळीस. मग माझ्या पाठीवर एक थाप दिली — "श्वास सोड." सोडला. सेहेचाळीस.

मी पोट आत घेतलं होतं! मला पत्ताही नव्हता. टेप अंगाला लागला की आपोआप आत जातं. साहेबांसमोर सेहेचाळीस ओरडणारी मी, आणि टेपसमोर शेपूट घातलं. वीस वर्षांची असताना केलं असतं तर ठीक, पण मी एकोणचाळीस वर्षांची आहे. फार लाज वाटली. सेहेचाळीसची नाही, चव्वेचाळीसची.

"अगं, सगळ्या घेतात," बाई म्हणाल्या. "मलाच बोलायला हवं होतं." मग मला खाली उकिडवं बसवून सगळी मापं नव्यानं घेतली. कापड मात्र संपलंय. आता दोन्ही बाजूंना पट्ट्या घालायच्या आणि दोन मांड्यांच्या मधे एक चौकोनी तुकडा, त्याला कळी म्हणतात. मग बसताना शिवणीवर ताण येत नाही. पण तसंच जुनं, जाड कापड हवं. "ते आण. सव्वीसपर्यंत."

२२ फेब्रुवारी, रविवार

माझ्या जुन्या तिन्ही जीन्स उसवून पाहिल्या. मांडीशी मच्छरदाणी झालीय. काडीनं त्याची आणून दिली — "पायांची लांबी घे, माझ्याकडे जास्तीची आहे." तीही विरलेली. बिचारा.

२३ फेब्रुवारी

आईला शिंपीणबाईंचं पत्त्यासकट सगळं सांगितलं आणि तिच्या कपाटातल्या जीन्सचं विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"तिला हात लावायचा नाही!"

"आई, नोकरीचा प्रश्न आहे."

"ती माझी आहे. मी घालणार आहे."

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, तू नाही घालणार. चाळीस वर्षं झाली. तू बारीक होणार नाहीस, मीही होणार नाही, आणि त्या हँगरपायी तू घराबाहेर पडत नाहीस! गुडघे कसले सांगतेस?

आई भांडी घासत राहिली, घासलेलीच परत. खरं बोलले, पण बोलायची ती रीत नव्हती.

२६ फेब्रुवारी

कापड मिळालं नाही. बाईंना कळवलं. "बघू," म्हणाल्या.

आई कामापुरतं बोलते. मीठ दे. दार लाव.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी माझी जागा काडीला द्यायची म्हणून फळ्यावर लिहिलं. काडी म्हणाला, "मी नाही घेणार. माझ्याकडेही जीन्स नाही." साहेबांनी डोक्याला हात लावला. म्हणजे दोन तारखेला स्टोअरला आम्ही दोघं, आणि हातात आहे ते टाकी जोडायचं काम करणार कोण? साहेब स्वतः? वेल्डिंगचा होल्डर उलटा धरतील!

सोमवारी मी जुनीच घालून जाणार. काढू दे बाहेर. हातानं उचलून काढावं लागेल, आणि सेहेचाळीस कंबर उचलायला चार जण लागतात.

२८ फेब्रुवारी, शनिवार

शिंपीणबाईंचा फोन — "घेऊन जा, झाली."

झाली? कशी?

धावत गेले. टेबलावर जीन्स. दोन्ही बाजूंना गडद निळ्या पट्ट्या, दुहेरी शिवण, मधे कळी. पट्टीवरून बोट फिरवलं. ते कापड मी ओळखलं. लहानपणी त्या कपाटात लपायचे तेव्हा ते गालाला लागायचं.

"काल दुपारी एक बाई देऊन गेल्या. जिन्यात तीनदा थांबल्या. नाव सांगितलं नाही. म्हणाल्या, मोठ्या कात्रीनं कापा, आणि मी इथे असतानाच कापा."

तिथेच घातली. बटण लागलं. उकिडवी बसले, उठले, परत बसले. बाईंच्या दुकानात ऊर फुटेस्तोवर रडले आणि एक शिवणही उसवली नाही.

१ मार्च

काल घरी आल्यापासून आईला काय बोलावं सुचत नाहीये. कपाट उघडं होतं. हँगर रिकामा. मी म्हटलं, "आई —" ती म्हणाली, "जेवून घे. भात आहे, पोटभर घे."

२ मार्च, सोमवार

नाकावर टिच्चून गेले! साहेबांनी कापड चिमटीत धरून पाहिलं, ताणून पाहिलं. "या पट्ट्या?" म्हटलं, ठिगळ नाही, मापाचा भाग आहे. वाटल्यास पेटवून बघा. त्यांनी फळ्यावरचं काडीचं नाव पुसलं. काडीला बाईंचा पत्ता लिहून दिला, आणि बजावलं — ताग्याचं कापड संपलंय, घरातलं कपाट बघ.

दिवसभर टाकीखाली उकिडवी. तेरा जोड मारले. ठिणग्या मांडीवर पडल्या आणि विझल्या.

५ मार्च

शिंपीणबाईंचा फोन. "तुझ्या आईची पण जीन्स झालीय, घेऊन जा. त्या दिवशीच माप देऊन गेल्या, तुला सांगू नका म्हणाल्या. बॅगेच्या नव्या ताग्यातून शिवलीय. कंबर बावन्न." मग म्हणाल्या, "माप देताना त्यांनी पोट आत घेतलं नाही हो. मी सांगायच्या आधीच श्वास सोडला."

निरोप आईला दिला. ती चपला घालत म्हणाली, "तू थांब. माझी मी आणते."