बंपरच्या आदल्या दिवशी

शिरूर,
एसटी स्टँडसमोरून

प्रिय माया,

काल फोनवर तू विचारलंस आणि मी नेहमीसारखं गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. पण तुझा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून टपरीतच बसून हे लिहितेय. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, कागदाला तरी मधे बोलता येणार नाही. प्रश्न तुझा तोच, लॉटरीची टपरी बंद करून दौंडला तुझ्या क्वार्टरमध्ये राहायला कधी येतेस? पप्पा गेल्यापासून मी इथं एकटी, दुखलंखुपलं तर बघणारं कोण, हे तू म्हणतेस ते खरंच आहे. मागच्या तापात मी नुसत्या चहावर दिवस काढले, हे तुला सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं, तर रागावू नकोस.

तुझा लॉटरीवरचा रागही मला ठाऊक आहे. शाळेत पोरी तुला जॅकपॉट म्हणून चिडवायच्या आणि तू दप्तर आपटून रडायचीस. तुला रेल्वेच्या तिकीट खिडकीवर नोकरी लागली तेव्हा मी म्हटलं होतं, मायलेकी दोघी तिकिटंच विकतो, फक्त तुझ्या तिकिटावर माणूस ठरल्या गावी पोचतो. तू हसली नव्हतीस. पण बाई, हे सरकारी तिकीट आहे, लपूनछपून लावलेला आकडा नव्हे. आणि पप्पांचा नियम मी अजून मोडलेला नाही. कांद्याचे नाहीतर पगाराचे पैसे खिशात घेऊन आलेल्या माणसाला एकच तिकीट. दुसरं मागितलं की मी सांगते, आधी घरी जा, बायकोला विचारून या. परत फारसं कुणी येत नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गंमत ऐक, जी तू कधी ऐकूनच घेतली नाहीस. गिऱ्हाईक तिकिटाचे शेवटचे आकडे बघतं. आमच्या शिरूरकरांना आपल्या नव्या गाडीच्या नंबरप्लेटचे आकडे हवे असतात. दौंडची माणसं रेल्वेतली, ती रेल्वेगाड्यांच्या नंबरावर जातात. त्यामुळं माझ्याकडं जे दोरीला नुसतं लटकत राहतं, ते तिकडं हातोहात खपतं, आणि तिकडचं इकडं. म्हणून दर गुरुवारी दौंडला रोज जाणाऱ्या एका मास्तरांच्या हाती माझं पाकीट तिकडं जातं आणि संध्याकाळी तिकडचं येतं. तिकडचं पाकीट बांधणारे ज्ञानदेव ओव्हाळ. तू त्यांना रोज बघतेस, स्टेशनबाहेर रसवंतीला लागून ज्यांची टपरी आहे ते, पांढऱ्या मिशांचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आधी पाकिटात तिकिटं आणि त्यांचा तपशील, एवढंच यायचं. मग एकदा खाली एक ओळ आली, ‘दौंडात फार ऊन. शिरूरला कसं?’ ऊन काय, दोन्हीकडं सारखंच. तरी मी उत्तर लिहिलं.

गेल्या दिवाळीच्या बंपरला, म्हणजे वर्षातल्या मोठ्या सोडतीला, मी एक घोळ घातला. न्हावऱ्याच्या सर्जेराव आप्पांनी नवा ट्रॅक्टर घेतला होता आणि त्याच आकड्यांचं तिकीट माझ्याकडं सांगून ठेवलं होतं. मी ते मिळवलं, मागं पेन्सिलीनं त्यांचं नाव घातलं आणि सणाच्या गडबडीत दौंडच्या पाकिटात घालून धाडूनही दिलं. आप्पा आले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ताई, तुमी शब्द दिला व्हता न्हवं? कुणाला इकलं ते तरी सांगा!” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा माणसं बघत होती. सांगून ठेवलेलं तिकीट दुसऱ्याला विकलं असं एकदा नाव झालं, की या धंद्यात तुमच्या टपरीशी कोण थांबतंय? मी दौंडला फोन लावला. ज्ञानदेव एवढंच म्हणाले, बघतो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बंपरच्या आदल्या दिवशी, दुपारच्या एसटीतून ते स्वतः उतरले. तुला याची किंमत कळायची नाही म्हणून सांगते. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री त्या दिवशी होते, आम्ही जेवायलाही उठत नाही. आणि हा माणूस टपरीला कुलूप लावून आला होता. पेन्सिलीनं लिहिलेलं नाव बघून त्यांनी तिकीट आधीच बाजूला ठेवलं होतं. मी म्हटलं, अहो, मास्तरांबरोबर धाडायचं की. तर म्हणाले, “तुमचा शब्द हाय त्यो. दुसऱ्याच्या हाती कसा धाडू?” मी चहा सांगितला.

त्या तिकिटाला काय लागलं म्हणशील, तर काही नाही. सगळ्यात खालचं बक्षीससुद्धा नाही. आप्पा निकाल बघून म्हणाले, “न्हाई तर न्हाई, पर तिकीट माजंच व्हतं,” आणि पुढचं सांगून गेले. शेजारची केळीवाली साळूबाई मात्र गप्प बसेना. “सुरेखे, तिकीट द्याया आलता तर देऊन जायाचं. तीन चा कशापायी पिला गं त्यो?” मी तिच्यावर चिडले. घरी जाऊन भाकरी थापताना मात्र माझं मलाच हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी त्या घरात मी एकटीच मोठ्यानं हसले, माया.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी टपरी बंद करणार नाही आणि तुझ्या क्वार्टरमध्येही येणार नाही. ज्ञानदेवांनी गेल्या महिन्यात मला सरळ विचारलं आणि मी हो म्हटलं. दौंडची टपरी भाच्याच्या हवाली करून ते शिरूरला येतायत. आम्ही लग्न करतोय. मला ते आवडतात. या वयात लेकीला हे लिहिताना कानशिलं तापलीत, पण आवडतात. पप्पांचा फोटो आहे तिथंच राहील, हे त्यांनी आपणहून सांगितलं, मला मागावं लागलं नाही. तू येता-जाता त्यांना मामा म्हणतेस म्हणे. तेवढं मात्र सोड, आईचा नवरा मामा कसा होईल? काय म्हणायचं ते सावकाश ठरव, त्यांना घाई नाही. मी परवानगी मागत नाही, तेवढी मोठी झालेय मी. पण नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. दोन मिळालेत. तिसरी सही मला माझ्या लेकीचीच हवी आहे. रजा टाक आणि ये.

तुझीच,
आई