फियाटच्या पाठीवर दोन सायकली

जालना,
मंगळवार, २४ जून २००३

प्रिय दुर्गा,

गेल्या आठवड्यात अंगणात सायकलच्या साखळीला तेल घालत बसले होते आणि एकदम तू आठवलीस. शनिवारची दुपार, बोर्डिंगच्या मागचा चिंचेखालचा ओटा, माळ्याची काळी सायकल उलटी करून ठेवलेली, आणि आपण दोघी तिच्या साखळीला डोक्याला लावायचं खोबरेल तेल पाजतोय. आठवडाभराचं तेल त्या साखळीनं एका दुपारी पिऊन टाकलं. रविवारी रांगेत उभ्या राहिलो तेव्हा आपल्या दोघींचे केस केरसुणीसारखे, आणि सायकल मात्र हूं की चूं न करता फाटकाबाहेर गेली. विशेष काही घडलं नाही त्या दुपारी. तू पायडल फिरवत होतीस, मी थेंब सोडत होते, एवढंच. सत्तेचाळीस वर्षं झाली, पण त्या तेलाचा वास अजून माझ्या बोटांना येतो.

असो. सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलं होतं की पत्रात आधी समोरच्याची प्रकृती, मग हवा, आणि मग आपलं रडगाणं. तेव्हा, तुझा गुडघा कसा आहे? भाऊजी साखर तपासतात की नुसती खातात? तुमच्या औरंगाबादला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारत नाही, कारण आमच्याकडे किती दिवसांनी येतं ते मग तू विचारशील. हवा बरी आहे. ढग रोज येतात, चौकशी करतात आणि जातात. आता रडगाणं. (गाणं जास्त आहे, रडणं कमी. घाबरू नकोस.)

जानेवारीत सुहास अमेरिकेहून आला. मी त्याला बदाम आण म्हटलं होतं. त्यानं वडिलांसाठी लोखंड आणलं. झालं असं की मागच्या वर्षी तिकडे असताना ह्यांनी मोटारीच्या पाठीवर टांगलेल्या सायकली पाहिल्या आणि "काय डोकं आहे!" असं तीनदा म्हणाले. मुलाला वाटलं, बाबांना हवंय. म्हणून तो एक रॅक सुटा करून बॅगेत घालून आला. मोटारीच्या मागे खाली एक चौकोनी भोक असतं म्हणे, त्यात ह्याचा दांडा बसतो, पिन लावायची, की वरच्या दोन हातांवर सायकली टांगायच्या. आमच्या फियाटला तसं भोक नाही. (आहेत ती गंजाची आहेत.) त्यामुळे पाच महिने तो रॅक दिवाणाखाली होता आणि हे दर रविवारी त्याला बाहेर काढून फडक्यानं पुसून परत आत ठेवत होते. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे इतक्या नेमानं कोणी पाहिलेलं नाही.

आता बेबीनंदा. आमच्या शेजारच्या नंदाबाईची भाची, गाव अंतरवाली सराटी. दोन उन्हाळे मावशीकडे राहून माझ्याजवळ इंग्रजी शिकली. पोरगी अशी की एखादा शब्द अडला तर त्याच्याकडे रागानं बघते आणि तो सुटतो. दहावीला एकाहत्तर टक्के पडले. पण सडकेवरचं कॉलेज गावापासून सात किलोमीटर, आणि तिचे वडील तातेराव म्हणाले, एस्टीचा भरवसा न्हाई, एकटी पोर मी पाठवत न्हाई. त्यातून एक स्थळ आलेलं. पोरीनं नंदाबाईच्या फोनवर मला विचारलं, "बाई, काई करता येईल का?" मी आवेशात म्हटलं, दोन सायकली आणते, एक तुला, एक तुझ्या मैत्रिणीला, त्या सोनूला. दोघी बरोबर जाल मग वडील काय म्हणतील? शब्द दिला आणि फोन ठेवल्यावर सायकली शोधायला लागले. प्रवेशाची शेवटची तारीख पाच जुलै.

सायकली मिळाल्या. एक माझ्या भाचीची, शुभदाची, कॉलेजातली, दुसरी नंदाबाईच्या माळ्यावरची. दोन्हींना पोपटी रंग दिला, कारण दुकानात तोच उरला होता. नंदाबाई म्हणाली, "एस्टीच्या टपावर टाका की ताई, कंडक्टर बांधून देतो बराबर." अगदी शहाणपणाचं बोलणं. पण हे आतल्या खोलीत ऐकत होते. दारात येऊन उभे राहिले, आणि चेहरा असा की जणू लग्नाच्या बोलणीत आपला मुलगा विसरला गेलाय. म्हणाले, "अगं, आपल्याकडे रॅक आहे!"

मग भोक करवून घ्यायला पुंजारामकडे गेलो. पुंजाराम वेल्डर जन्मभर ट्रॅक्टरचे हूक करत आलेला. ह्यांनी त्याला इंचांचं चित्र काढून दिलं. (पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस पोळी कशी हवी तेही चित्र काढून सांगतो.) पुंजारामनं चित्र खिशात ठेवलं आणि त्याला जे येतं ते केलं. संध्याकाळी गाडी पाहिली तर चौकोनी नळकांडं होतं, पण त्याच्याखाली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा अख्खा हूकही होता. "साहेब, बारा टन वढल," पुंजाराम म्हणाला. हे म्हणाले, अरे, दोन सायकली न्यायच्यात. तो म्हणाला, "मंग त्या बी वढल." फियाटचं बूड खाली बसलं आणि नाक वर झालं, जणू तिला कुठून तरी भज्यांचा वास येत होता.

द्वारकाबाई, ह्यांच्या थोरल्या बहीण, म्हणाल्या की नवं काम आहे, आधी राजूरला गणपतीपुढे उभं करून आण. हे म्हणाले, राजूर उत्तरेला, आपल्याला जायचंय दक्षिणेला. पुंजाराम मात्र पूजेशिवाय गाडी सोडीना. शेवटी त्यानं हुकाला हळदकुंकू लावलं, रॅकला झेंडूची माळ घातली, डिकीवर स्वस्तिक काढलं आणि नारळ हुकावरच आपटला. नारळाचे सात तुकडे. हूक जागचा हलला नाही. ही माळ आणि हे स्वस्तिक लक्षात ठेव.

रविवारी सकाळी निघालो. रॅकची पुस्तिका इंग्रजीत, म्हणून वाचायचं काम माझं आणि न ऐकायचं ह्यांचं. सगळं बसवून झाल्यावर एक जाड बोल्ट उरला. मी म्हटलं, पुस्तकात लिहिलंय की हा नसेल तर रॅक हलतो. हे म्हणाले, अमेरिकन लोक एखादा जास्तीचा देतात. मी तो पर्समध्ये टाकला. अंबडपर्यंत सायकली मागे अशा डोलत होत्या की समोरून येणारा प्रत्येक जण हात करून काहीतरी ओरडायचा आणि हे प्रत्येकाला नमस्कार करायचे. "किती ओळखी आहेत बघ," म्हणाले. आरशात पोपटी चाकांखेरीज काही दिसत नव्हतं. शेवटी एका ट्रकवाल्यानं गाडी आडवी घातली, खाली उतरून रॅक हातानं हलवला आणि म्हणाला, "काका, ह्याच्यात काईतरी राह्यलं." मी पर्स उघडली. त्यानं बोल्ट पिळला, वरून फाटक्या ट्यूबच्या दोन पट्ट्या आवळल्या. पुढचे वीस किलोमीटर हे माझ्याशी बोलले नाहीत. खिडकीतून छान वारा येत होता. वडीगोद्रीला चहाला थांबलो तर एका गृहस्थांनी आमचा हूक निरखला आणि अदबीनं विचारलं, "शहागडाकडं चाल्ले का? आपली ट्रॉली रिकामीच हाय."

आता अंतरवाली. चौकात गाडी शिरली आणि चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, काय हा आदर! एकजण पुढे धावला, "आले, आले, पाव्हणे आले! तातेराव, जल्दी या!" कोणी दार उघडलं, कोणी ह्यांच्या हाताला धरून उतरवलं. तातेरावांच्या अंगणात सतरंजी आधीच अंथरलेली. ह्यांच्या डोक्यावर टोपी आली, माझ्या ओटीत नारळ पडला. बायका सायकलींभोवती जमल्या. "बघा गं, पोरीसाठी सायकली बी घेऊन आल्ते! आन् दोन! एक नवऱ्याला, एक नवरीला!" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याच दिवशी बेबीनंदाला बघायला पाहुणे येणार होते, आणि झेंडूची माळ, स्वस्तिक, सायकली असा थाट बघून गावानं आम्हालाच ते समजलं होतं. तातेरावांनी पाहुणे कधी पाहिलेले नव्हते, आम्हालाही नाही. पोरीची आई कांताबाई मला ओळखते, पण ती आत चुलीपाशी होती.

मी तोंड उघडणार तोच कोणीतरी ह्यांना विचारलं, "पोरगा कुठंय?" ह्यांनी सरळ उत्तर दिलं, "अमेरिकेत." (आमचा एकुलता एक तिथेच आहे, माणूस दुसरं काय सांगणार?) अंगणात असं शांत झालं की माशीसुद्धा भिंतीवर बसून ऐकू लागली. "काय करून राह्यला तिकडं?" कॉम्प्युटर. "शेती?" नाही. "काई हरकत न्हाई," तातेराव घाईनं म्हणाले. मग ह्यांनी अभिमानानं रॅककडे बोट केलं, "हे त्यानंच आणलंय." सारा गाव रॅकपुढे जमला. एका म्हाताऱ्यानं हूक हलवून पाहिला आणि म्हणाला, "अमेरिकेचा माल. बघा, कसा जड हाय!" पुंजारामला हे कळलं तर तो दर वाढवील.

तेवढ्यात पोह्यांचा ट्रे आला. धरणारी बेबीनंदा. नेसलेली, मान खाली, अगदी बघण्यासारखी. माझ्यापुढे वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "बाई, काई बोलू नका. खात राहा. ते यायलेत, जीपनं." मी तिच्याकडे पाहिलं. दुर्गा, नववीच्या दिवाळीच्या सुट्टीला तू घरी गेलीस आणि परत आली नाहीस. तुझी ट्रंक न्यायला तुझे मामा आले होते. सिस्टरांनी तुझ्या खाटेवर दुसरी मुलगी दिली, तिचं नाव मला आता आठवतसुद्धा नाही. मी पोहे खाल्ले. दोनदा मागून घेतले. खोटं एक अक्षर बोलले नाही, सिस्टर बेनेडिक्टा साक्षी आहेत. नुसती गप्प बसले, आणि ते किती कठीण आहे हे तुला माहीत आहे.

जीप आली. त्यातून चार माणसं आणि चष्मा लावलेल्या एक बाई उतरू लागल्या. त्यांनी अंगणात बसलेले हे पाहिले, टोपी पाहिली, पोहे पाहिले, माळ घातलेल्या सायकली पाहिल्या. टपरीवरच्या कोणीतरी अदबीनं माहिती पुरवली की हे अमेरिकेचे पाव्हणे, आधी आल्ते. चष्म्याच्या बाई म्हणाल्या, "एका दिवशी दोन-दोन घरं बोलावता व्हय? आम्हाला काय कमी पोरी पडल्या?" आणि अर्धं उतरलेलं पाऊल परत आत घेतलं. मी पदर कपाळापर्यंत ओढला. (का, ते पुढे.) जीप धूळ उडवत गेली.

मग अर्थातच सगळं बाहेर आलं. कांताबाई अंगणात आली, मला पाहून म्हणाली, "अगं बया, ह्या तर जालन्याच्या बाई!" तातेराव आमच्याकडे बघत राहिले. "म्हंजे तुम्ही पाव्हणे न्हाई?" नाही. "मंग ते आल्ते ते?" ते. "आन् गेले?" गेले. हे टोपी काढून हातात फिरवू लागले. मला वाटलं आता आपल्याला बारा टनांच्या हुकाला बांधून ओढतील. मी उभी राहिले आणि एका दमात सांगितलं की सायकली दोन आहेत, एक बेबीनंदाला, एक सोनूला, दोघी बरोबर जातील, बरोबर येतील, पाच तारखेच्या आत नाव घालायचंय, आणि झाल्या प्रकारात पोरीचा काही दोष नाही. (शेवटचं पूर्ण खरं नव्हतं. सिस्टर, क्षमा.)

तातेराव वळले. रॅकपाशी गेले. ट्यूबच्या पट्ट्या सोडल्या, एक सायकल उतरवली, तिच्यावर बसले. धोतर, टोपी, पोपटी लेडीज सायकल. चौकाला एक चक्कर मारली. मग दुसरी. तिसऱ्या चकरेला त्यांनी घंटी वाजवली, विनाकारण. पोरं मागे पळायला लागली, म्हातारे हसायला लागले. मग उतरून त्यांनी सायकल लेकीपुढे धरली आणि ह्यांना म्हणाले, "मागचा बिरेक ढिल्ला हाय. मी करून देतो. कालेज किती वाजता असतं?"

येताना ह्यांनी रिकामा रॅक पाहिला आणि हळूच म्हणाले, "अजून दोन बसल्या असत्या." मी पर्समध्ये हात घालून रुमाल शोधत होते.

मुलाबाळांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुझी,
उषा

ता. क. : जीपमधल्या चष्म्याच्या बाई म्हणजे तुझ्या गेवराईच्या जाऊ, गोजरबाई. तुझ्या लेकीच्या लग्नात त्या माझ्या शेजारीच जेवायला बसल्या होत्या. बघायला आणलेला मुलगा तुझा पुतण्या, मच्छिंद्र. तेव्हा आता त्या तुझ्याकडे येतील आणि विचारतील की जालन्याकडचं हे अमेरिकावालं घर कोणतं. दुर्गा, हे सगळं पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. पाच जुलैपर्यंत तुला काही माहीत नाही, नाहीतर जीप परत अंतरवालीला जाईल. सहा तारखेला सगळं खरं सांग, सगळा दोष माझ्यावर घाल, मी येऊन पाया पडेन. पण पाचपर्यंत गप्प राहा. वाटलं तर पोहे खात राहा.

आणखी ता. क. : हे गुरुवारी औरंगाबादला येताहेत, रॅक लावून. (फाटक सताड उघडं ठेव आणि गाडीच्या मागे कोणाला उभं करू नकोस.) त्यांच्याबरोबर पिशवी आहे, ती अशी वाटायची. तातेरावांनी दिलेल्या शेंगा तुला. खण गोजरबाईंना, पण सहा तारखेनंतर. काजूची पुडी भाऊजींना, तिच्यात साखर नाही. पिशवीतल्या पाकिटात मच्छिंद्रचा फोटो आहे, मध्यस्थानं आधी पाठवलेला, निघताना बेबीनंदानं माझ्या हातात दिलेला. पोरगा डोळ्यांनी चांगला वाटतो. बारावीला दोनदा बसला म्हणतात. मागे तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलंय, "तुम्ही पण पास व्हा." तो त्याच्या आईला देऊ नकोस. त्याच्याच हातात दे.