इयादच्या मजल्याच्या सळया

इर्बिद, जॉर्डन, १४ ऑक्टोबर

माझ्या लाडक्या इयादला,

आईचे खूप आशीर्वाद आणि पोरींना पापे. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ते कामच आहे. रुबाचा भाऊ स्वीडनला येतोय, त्याच्याकडे ऑलिव्हची बरणी दिलीय. फोनवर तू नेहमी घाईत, म्हणून हे पत्र.

शेजारच्या अबू नायफने चौथा मजला चढवला. धाकट्याचं लग्न ठरलंय ना! आता आपल्या बैठकीत भर दुपारीही दिवा लावावा लागतो. परवा मसूर निवडले, तरी जेवताना दाताखाली खडा आला. म्हणून रुबाला बोलावलं. तीच, तुझ्या वर्गातली; आता घरांचे नकाशे काढते.

ती म्हणाली, "मावशी, बैठकीवरचा स्लॅब फोडू. वर एकच उंच खोली, चहूबाजूंनी खिडक्या. ऊन थेट तुमच्या गालिच्यावर पडेल."

"आणि इयादचा मजला?"

"मग तो विसरा. मध्ये एवढं भगदाड ठेवून वर कुणी संसार थाटतं का? गच्चीवरच्या सळयाही कापाव्या लागतील."

मी भडकलेच. "चहा पी आणि नीघ," म्हणाले. बिचारी चहा न पिताच गेली.

त्या सळया तुझ्या बाबांनी घर बांधतानाच मुलाच्या मजल्यासाठी वर सोडल्या होत्या. इथे सगळेच सोडतात. गंजू नयेत म्हणून दर हिवाळ्याआधी मी त्यांना रंग लावते. कुणी विचारलं की सांगते, "ईद झाली की काम सुरू." कोणती ईद, ते आता कुणी विचारत नाही.

खरं सांगू? मला माहीत आहे. उन्हाळ्यात तुझ्या धाकटीने फोनवर बाग दाखवली. म्हणाली, "आजी, हे आमचं स्वतःचं घर. आता आम्ही कायम इथेच." तू पटकन फोन घेतलास आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस. मीही गुडघ्यांचंच बोलत राहिले.

रागावले नाही रे. पण बाबा गेल्यापासून संध्याकाळी हे घर खायला उठतं. रुबाची माफी मागितली. नकाशा तयार आहे, माझी सही तेवढी राहिलीय.

तू परत येणार का, हो किंवा नाही कळव. 'बघू' म्हणू नकोस. नाही म्हणालास, तर सळया कापून घेईन आणि उन्हात बसेन. येतो म्हणालास, तर या अंधारात आणखी दहा वर्षं सुखाने काढीन.

तुझी आई