चार सेकंदांचा ओडेल

क्लार्क्सडेल, मिसिसिपी
मार्च १९४५, गुरुवार

माझ्या ओडेल,

तू गेल्याची तार येऊन महिना झाला, आणि या सोमवारी तू पडद्यावर आलास. आपल्या काळ्या लोकांसाठी काढलेली बातम्यांची रिळं सगळी मोठी शहरं फिरून मग आपल्या थेटरात येतात, हे तुला मी काय सांगायचं! तू फौजेत गेल्यापासून तुझं सिनेमाचं मशीन मीच चालवते. आपल्या शिपायांची रांग चालली होती, त्यातून तू वळून हसलास. चारच सेकंद.

आज ते रीळ पुढच्या गावी जाणार होतं. एकदा तुला बसमध्ये बसवून हात हलवला होता, पुन्हा माझ्याने होईना. म्हणून मंगळवारी रात्रीच मी कात्रीने तुझा तुकडा कापून घेतला. खिडकीशी धरला की त्यात छोट्या छोट्या चौकटींत शहाण्णव ओडेल दिसतात. एकही चालत नाही रे.

काल तुझ्या आई चर्चची टोपी घालून पहिल्या रांगेत येऊन बसल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. रांग आली आणि गेली.

"पोरी, नेमकी माझी पापणी मिटली बघ! पुन्हा लाव."

मी तीनदा लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी बोटांनी पापण्या ताणून धरल्या होत्या.

"मेले डोळे! पोटचं पोर दिसेना यांना."

तुकडा माझ्या खिशात होता. रीळ आज सकाळी गेलं.

शनिवारी मी आईंना चष्मा करायला घेऊन जाणार आहे.

तुझीच,
व्हर्लीन